मामांचा पार्किन्सन्स वाढलाय, पुढे काय करायचं? ऑपरेशनच्या आधी घड्याळ आणि गोळ्यांची पिशवी बघू

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सोलापुरातल्या एका भाच्याने विचारलंय. मामा ६८ वर्षांचे, पूर्वी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, ९ वर्षांपासून पार्किन्सन्स म्हणजे कंपवात आहे. सिंडोपा प्लस दिवसातून चार वेळा, सोबत पॅसिटेन, चक्कर येते म्हणून एक गोळी आणि ॲसिडिटीची एक कॅप्सूल. वर्षभरात गोळीचा असर अडीच-तीन तासांत उतरायला लागलाय, मधेच अंग वळवळतं, बाथरूमच्या दारात पाय चिकटतात, दोनदा पडले, आणि रात्री कोपऱ्यात माणसं बसलेली दिसतात. पुण्यात कुणीतरी मेंदूचं ऑपरेशन सुचवलं, एक पाहुणे स्टेम सेल करा म्हणतात, शेजारचे काका आयुर्वेदिक पावडर आणून देतायत, आणि मामी म्हणतात आता कुठंच न्यायला नको. शेवटी जाता जाता हेही विचारलंय की यंदा मामांना गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, न्यायचं का.

मी सोलापुरात मेंदूविकाराची प्रॅक्टिस करतेय त्याला आता बावीस वर्षं झाली. "आजार फार वाढलाय मॅडम, आता मोठं काहीतरी करावं लागेल" म्हणून जे पेशंट येतात त्यातल्या बऱ्याच जणांचा आजार वाढलेला असतोच, नाही असं नाही, पण त्याच्या जोडीला गोळ्यांच्या वेळा चुकलेल्या असतात आणि पिशवीत एखादी नको ती गोळी बसलेली असते. ते निस्तरल्याशिवाय ऑपरेशन करायचं की नाही हा प्रश्नच नीट विचारता येत नाही. म्हणून माझं उत्तर पिशवीपासून सुरू होतं.

तुम्ही औषधांची जी यादी दिलीय त्यातली चक्करची गोळी म्हणजे सिनारिझिन आहे, आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड आहे. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. ही दोन्ही औषधं मेंदूतल्या डोपामिनची, म्हणजे या आजारात कमी पडणाऱ्या हालचालीच्या रसायनाची, वाट अडवतात. म्हणजे एका हाताने सिंडोपा देऊन डोपामिन वाढवायचं आणि दुसऱ्या हाताने तेच अडवायचं असं चाललंय. चक्करच्या फ्लुनारिझिनचंही तेच, उलटीच्या मेटोक्लोप्रमाइडचं तेच, उलटी-चक्करच्या स्टेमेटिलचं तेच, आणि रात्री बडबडतात म्हणून कुणी हॅलोपेरिडॉल दिलं तर मग विचारूच नका, दुसऱ्या दिवशी माणूस लाकडासारखा कडक होतो. उलटी-मळमळीला डॉम्पेरिडोन त्यातल्या त्यात बरं, पण तेही हृदयाचा ईसीजी बघून. तुमच्या डॉक्टरांना हे दाखवून दोन्ही गोळ्या काढायला सांगा. एक लक्षात ठेवा, फरक चार दिवसांत दिसत नाही, काही आठवडे, कधी काही महिने जातात.

आणि ती चक्कर तरी नेमकी कसली आहे? नव्वद टक्के घरात कुणी बघितलेलं नसतं. मामांना पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ती कानाची चक्कर नाही, उभं राहिल्यावर बीपी पडतोय. पार्किन्सन्समध्ये हे होतं, औषधांनीही होतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की पाणी कमी पडून आणखी होतं. अशा माणसाला वर बीपीची जुनी गोळी चालू असेल तर ती कमी करावी लागते. मामा दोनदा पडले ते पाय चिकटून पडले की उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येऊन, हे मामींना नीट विचारा, दोन्हीचे उपाय वेगळे.

तिसरी पॅसिटेन. तरुण पेशंटच्या थरथरीला ठीक आहे, पण साठीच्या पुढे मी शक्यतो देत नाही. विसराळूपणा, गोंधळ, तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं आणि भास, हे सगळं तिच्याने वाढतं. कोपऱ्यात बसलेल्या माणसांचा पहिला संशय माझा तिच्यावर आहे. मात्र एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करत काढायची, आणि तेही डॉक्टरांनी. पॅसिटेन गेल्यावरही भास राहिले तर क्वेटियापिन अगदी कमी डोसमध्ये, नाही जमलं तर रक्ताच्या तपासण्या करत क्लोझापिन, आणि विसरणं खूप असेल तर रिव्हास्टिग्मिन, हे पर्याय आहेत. दिसणाऱ्या माणसांशी मामा गप्पा मारतात आणि घाबरत नाहीत असं असेल तर लगेच औषध घालायचीही गरज नसते.

आता घड्याळ. गोळी सात, बारा, पाच आणि दहा वाजता देताय आणि असर अडीच-तीन तास. मग मधले दोन तास मामा कुठं जाणार? ऑफमध्ये, म्हणजे गोळी उतरून हालचाल बंद. हे असं का होतं ते सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. आपल्याकडे नळ काही दिवसाआड येतो, पण टाकी मोठी असली की घरात रोज पाणी असतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या उरलेल्या पेशी ही टाकी असतात, गोळीतून आलेलं डोपामिन साठवून ठेवतात, म्हणून तीन वेळा गोळी घेऊनही दिवसभर बरं चालतं. आजार पुढे गेला की त्या पेशी कमी होतात, टाकीच उरत नाही, मग नळ चालू तेवढा वेळच पाणी. सिंडोपातलं मुख्य औषध म्हणजे लेव्होडोपा, तिच्यापासून मेंदूत डोपामिन बनतं; ती रक्तात साधारण दीड तासात निम्मी होते, त्यामुळे गोळी चढली की हालचाल, उतरली की बंद. आणि नळ जोरात आला की अंग वळवळतं, त्यालाच डिस्कायनेशिया म्हणतात. गोळीची सवय लागली, आता ती लागूच पडत नाही, असं जे पाहुणे म्हणतात ते चूक आहे. लागू पडतेय, टिकत नाहीये.

म्हणून तीन दिवस वही ठेवा. डावीकडे सकाळी सहापासून अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी, समोर एकच अक्षर: झोप असेल तर झो, हालचाल बंद असेल तर ऑफ, मोकळे असतील तर ऑन, मोकळे पण अंग हलतंय तर व. गोळी घेतली तिथे टिंब, जेवण केलं तिथे फुली. बस. माझ्याकडे एक आजी यायच्या, त्यांची नात शाळेच्या चौकटीच्या वहीत हे भरायची, त्या दोन पानांवरून मी दहा मिनिटांत डोस बसवला, आणि त्याआधी वर्षभर आम्ही नुसतं "कसं वाटतंय, तसंच आहे" खेळत होतो. बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की दर वेळचा डोस थोडा कमी करून वेळा चारच्या पाच-सहा करायच्या, म्हणजे वळवळ पण कमी आणि ऑफ पण कमी. पण हे वही बघून डॉक्टरांनीच करायचं, घरी मनाने गोळ्या तोडत बसू नका.

वहीत आणखी एक गोष्ट सापडेल बघा. सकाळची सातची गोळी मामा कशाबरोबर घेतात? मी पैजेवर सांगते, दुधाच्या चहाबरोबर. आणि बाराची जेवणानंतर, आमटी-भाकरी खाऊन. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातल्या एकाच दारातून आत जातात, दारात गर्दी झाली की गोळी बाहेर उभी. गोळी साध्या पाण्याबरोबर, खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. म्हणून डाळ-दूध बंद करायचं का? अजिबात नाही, या आजारात वजन आधीच उतरतं. जास्तीची डाळ, अंडं, दूध रात्रीच्या जेवणाकडे सरकवा, एवढंच. लोहाची गोळी असेल तर ती आणि सिंडोपा यांच्यात दोन तास ठेवा. पोट रोज साफ झालं पाहिजे, बद्धकोष्ठ असलं की गोळी चढायला तास-तास लागतो. ही गोष्ट लोक लाजून सांगत नाहीत आणि मग आम्ही डोस वाढवत बसतो.

एवढं करून ऑफ उरला तर जोडीची औषधं आहेत. एन्टाकॅपोन दर डोसबरोबर दिली की सिंडोपा जास्त वेळ टिकते, लघवी केशरी होते, घाबरू नका. रसाजिलिन किंवा सॅफिनामाइड दिवसातून एकदा. वळवळीला अमॅन्टाडिन, पण त्याने भास वाढू शकतात म्हणून मामांना आत्ता नको. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल हा गट तर भास असणाऱ्याला मी देतच नाही, आणि इतरांना देताना बायकोला समोर बसवून सांगते की या गोळीने काहींना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा नाद लागतो. माझ्याच एका पेशंटने साठाव्या वर्षी मोबाईलवर रमीत पेन्शन घालवली. घरचे म्हणाले म्हातारपणी बिघडला. गोळी कमी केली, तीन आठवड्यांत रमी सुटली. त्या माणसाची चारचौघांत झालेली बदनामी मात्र कुठल्या गोळीने भरून आली नाही, आणि सुरुवातीलाच न सांगितल्याची चूक माझी होती.

आता ऑपरेशन. डीबीएस म्हणजे मेंदूत आत दोन बारीक तारा बसवतात आणि छातीत कातडीखाली पेसमेकरसारखी बॅटरी. १९८७ पासून हे होतंय, फ्रान्समध्ये ग्रेनोबलला सुरू झालं, आता प्रयोग राहिलेला नाही. योग्य माणसाला याने ऑफचे तास खूप कमी होतात, वळवळ कमी होते, गोळ्या कमी होतात. योग्य माणूस कोण हाच सगळा मुद्दा आहे. साधा नियम असा की गोळी चढलेली असताना मामा जे करू शकतात तेच डीबीएस जास्त तास देऊ शकतं. ऑनमध्येही तोल जातो, बोलणं पुटपुटतं, विसरायला होतं, ते डीबीएसने सुधारत नाही, बोलणं आणि स्मरण तर कधी कधी बिघडतं. थरथर हा एक अपवाद, ती गोळीला दाद देत नसली तरी डीबीएसला देते. म्हणून आधी चाचणी करतात, रात्रभर गोळ्या बंद ठेवून सकाळी मोजमाप, मग मोठा डोस देऊन परत मोजमाप, निदान ३० टक्के फरक पडला पाहिजे. सोबत एमआरआय, आणि स्मरणशक्तीची व मनाची सविस्तर तपासणी. साधारण सत्तरीच्या आतले पेशंट जास्त चांगले ठरतात. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असेल तर ऑपरेशन नाही, विषय संपला. मेंदूत रक्तस्राव व्हायची शक्यता शंभरात एक-दोन, जंतुसंसर्ग वेगळा. खर्च लाखांत, रिचार्ज होणारी बॅटरी घेतली तर आणखी, आणि साधी बॅटरी तीन-पाच वर्षांत बदलावी लागते तो खर्च परत. ऑपरेशननंतर सेटिंगसाठी पहिले काही महिने पुन्हा पुन्हा जावं लागतं, ते कोण नेणार हे आधी घरात ठरवा.

मामांचं विचाराल तर आजच्या अवस्थेत मी त्यांना ऑपरेशनला पाठवणार नाही. पॅसिटेन आणि त्या दोन गोळ्या निघाल्यावर तीन-चार महिन्यांनी भास गेले, डोकं स्वच्छ झालं, तर मग डीबीएसचं मोजमाप करायला जरूर पाठवेन, वय अजून बसतं. भास आणि विसरणं तसंच राहिलं तर नाही. ॲपोमॉर्फिन म्हणूनही एक पर्याय आहे, पोटाच्या कातडीखाली पंपाने दिवसभर किंवा अडकल्यावर पेनने. भारतात मिळतं, महाग आहे, भास असणाऱ्याला जपून. नावात मॉर्फिन असलं तरी ते नशेचं औषध नाही.

स्टेम सेल: नको. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या लहान चाचण्यांचे निकाल छापून आलेत, मोजके पेशंट, आशा ठेवायला जागा आहे. पण तुमचे पाहुणे सांगतायत ते तसलं नाही, ते कमरेच्या हाडातून पेशी काढून सलाईनमधून सोडायचं पॅकेज आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल हा अजून उपचार नाहीच, चाचणीच आहे, आणि चाचणीचे पैसे पेशंटकडून घेत नसतात. पैसे मागितले की उठून या.

पावडरीचं जरा वेगळं आहे. त्यात खाजकुइलीचं बी असतं, आणि त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं, आपल्या जुन्या वैद्यांनी कंपवाताला ते उगीच दिलेलं नाही. अडचण एवढीच की चमच्यात किती आलं ते कुणाला माहीत नसतं. सिंडोपा चालू असताना वरून पावडर म्हणजे डोस वाढलाच, मग वळवळ आणि भास. मामा ती घेतायत का ते आधी विचारा, रागावू नका, मला लपवलेल्या पावडरीपेक्षा सांगितलेली पावडर परवडते.

पाय चिकटणं. एक पेशंट मला म्हणाले होते, "मॅडम, मन पुढं जातंय, पाय मागंच राहायलेत." दार, उंबरठा, वळण, गर्दी, फोनची रिंग, या ठिकाणी अडकायला होतं. हात धरून पुढे ओढू नका, ओढलं की वरचं अंग येतं, पाय राहतात, तोंडावर पडतात. थांबू द्या, श्वास घेऊ द्या, मग वजन डावी-उजवीकडे झुलवायचं आणि "एक-दोन, एक-दोन" मोठ्याने म्हणत पहिलं पाऊल मोठं टाकायचं. आडव्या रेघा दिसल्या की पाय सुटतात, हे तर घरी बघण्यासारखं आहे. एका घरात आजोबा बाथरूमच्या दारात रोज अडकायचे पण पट्ट्यापट्ट्याच्या सोलापुरी चादरीवरून मात्र टकाटक चालायचे, घरच्यांनी चादरच अंथरली दारात! मी घाबरले, चादर सरकली की माकडहाड गेलं. तीच रेघ आम्ही फरशीवर रंगीत इन्सुलेशन टेपने मारली, पावलापावलाच्या अंतरावर सहा पट्ट्या. अजून चालतात. तुम्हीही तेच करा, कमोडजवळ धरायला दांडी लावा, वळताना जागेवर गिरकी घेण्यापेक्षा लहान गोल फेरी मारायला शिकवा. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा आला तरी खूप, पण गोळी चढलेली असताना बोलवा.

खाताना ठसका लागतो का ते लिहिलं नाहीत. लागत असेल तर कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी बंद, भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून, चटणी दह्यात कालवून. ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, टीव्ही बंद, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. या आजारात शेवटी माणसं जातात ती बरेचदा ठसक्यातून होणाऱ्या न्यूमोनियाने, म्हणून भाकरीवर इतकं बोलले.

दोन-तीन दिवसांत एकदम बिघडले तर तो पार्किन्सन्स वाढलेला नसतो. लघवीचा संसर्ग, ताप, सोडियम कमी होणं, पाणी कमी पडणं, पोट तुंबणं, किंवा पडून डोक्याला मार लागून आत रक्त साठणं, हे शोधायचं. आणि कुठल्याही कारणाने ॲडमिट केलं तरी सिंडोपा बंद होऊ द्यायची नाही. तोंडाने जात नसेल तर साधी गोळी विरघळवून नाकातल्या नळीतून देता येते, सीआर म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी मात्र कुटायची नाही. अचानक बंद केली तर प्रचंड ताप, अंग कडक, शुद्ध हरपणं असा जिवावरचा प्रकार होऊ शकतो. एकदा माझा एक पेशंट अस्थिभंगासाठी दुसरीकडे ॲडमिट होता, उपाशीपोटी ठेवायचंय म्हणून दोन दिवस सगळ्या गोळ्या थांबवल्या होत्या, तिसऱ्या दिवशी मला फोन आला. वाचला, पण महिनाभर आयसीयूत.

दाखवायचं कुठं? रोजचं सांभाळायला सोलापुरातलाच डॉक्टर धरा, आपल्या सिव्हिलमध्येही दाखवता येतं. दुसरं मत किंवा डीबीएसचं मोजमाप करायचं तर पुणे, मुंबई, हैदराबादचं निम्स, बेंगळुरूचं निम्हान्स. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाणार असाल तर गोळ्यांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत तळाशी नको, आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत गोळीची वेळ चुकवू नका. डॉक्टरांना दहा मिनिटांत मामा ऑनच दिसतील किंवा ऑफच, म्हणून घरी दोन्ही वेळचा मिनिट-मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या, खुर्चीतून उठताना, चालताना आणि वळताना. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मराठीत बोलणारे पेशंट आणि घरची माणसं भेटतात, मामींना तिथल्या बायकांशी फोनवर बोलू द्या, माझ्यापेक्षा त्या जास्त शिकवतील. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्सचं नाव आहे, सिव्हिलमधून तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढून घ्या.

मामी आता कुठंच न्यायला नको म्हणतात ना, त्यांना विचारा की रात्रीतून किती वेळा उठतात. माझा अंदाज चार. मामा झोपेत ओरडतात, लाथा मारतात का तेही विचारा, त्याला मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपॅमसारखं औषध असतं. तोवर मामींची खाट वेगळी आणि आठवड्यातून दोन रात्री तुम्ही किंवा तुमचा भाऊ मामांच्या खोलीत. मग त्यांचं मत परत विचारा.

आणि गड्ड्याला न्या की. जत्रेतल्या अक्षता सोहळ्याला, तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याच्या अगदी जवळ घुसू नका, त्या गर्दीत पाय चिकटले तर काढता येणार नाहीत. व्हीलचेअर घ्या, मामा नको म्हणतील, म्हणा पिशव्या ठेवायला आणलीय. सकाळीच जागा धरा, लांबून पण नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, दिसतील अशी. दुपारच्या गोळीची वेळ बघून निघा, अक्षता पडायच्या पाऊण तास आधी गोळी, साध्या पाण्याबरोबर, आणि भजी त्याच्यानंतर.